मागच्या खोलीतला वास

प्रिय धाकटे,

गुडघा बरा आहे. वेळेवर जेवते. गोळ्या घेते, पांढरी सकाळी आणि पिवळी अर्धी करून झोपताना. आणि हो, धक्क्याच्या पायऱ्या अजून एकटीच उतरते. कोणी हात पुढे केला तर त्यालाच आधार लागतोय असं दाखवते. तू यातलं काही विचारलेलं नाहीस, ठाऊक आहे मला. अडीच वर्षांत तू काहीच विचारलेलं नाहीस. पण पत्रात आधी तब्येतीचं लिहायचं असं आम्हाला चौथीत शिकवलं, आणि पाचवीत मी गेलेच नाही, त्यामुळे दुसरी रीत मला येत नाही. तब्येत झाली. आता कामाचं बघू.

तू मामाला फोन करून मागची खोली मागितलीस. मला नाही, मामाला. जावयांचं काम महिनाअखेर बंद होतंय, भाड्याची जागा सोडावी लागेल, दोन-चार महिने तू आणि छकुली येऊन राहाल, ती हो म्हणते का बघ, असं म्हणालीस. ती म्हणजे मी. हे मला कोणी येऊन सांगितलं नाही, मी शेजारीच बसले होते. मामाने फोन स्पीकरवर टाकून गादीवर ठेवला होता, कारण त्याला तो हातात धरता येत नाही. का धरता येत नाही ते पुढे लिहिते. आधी उत्तर घे. उत्तर नाही असं आहे. येऊ नकोस. आता रागाने पत्र फाडशील, तुझा स्वभाव माझ्यावरच गेलाय, पण आधी पुरतं वाच आणि मग फाड. दोन दिवस लागलेत मला इतकं लिहायला. फोनवर सांगणार होते, पण फोनवर मला खोटं फार चटकन बोलता येतं.

तर मामाचे हात. पाच आठवडे झाले. तुला कळवायचं नाही म्हणून त्यानेच मला शपथ घातली होती, ती मी आता मोडतेय. तू गेल्यावर मागची खोली रिकामी पडली. रिकामी खोली मला बघवत नाही, म्हणून मीच त्याला म्हटलं, तुझी जाळी तिथे टाक, विणायला तिथेच बस, माझ्या ओट्यावर पसारा नको. लक्षात ठेव, मीच म्हटलं. दोन वर्षं तो रोज तिथे बसला. त्या आठवड्यात चार दिवस वारा सुटला होता, होड्या बाहेर गेल्या नाहीत, खोलीही बंद होती. पाचव्या दिवशी सकाळी आठला तो आत गेला, दोरीला लावायचं मेण पातळ करायला स्टोव्ह पुढे ओढला आणि काडी पेटवली. मी धुराच्या खोलीत मासे उलटत होते. फार मोठा आवाज नाही झाला. ओली चादर झटकावी तसा एकच. मग दार माझ्यासमोरून अंगणात गेलं. आख्खं दार, बिजागऱ्यांसकट. त्याच्यामागून मामा आला, चालत, दोन्ही हात पुढे धरून, जसं काही कोणी त्याच्या हातावर ताट ठेवणार आहे. मला म्हणाला, ताई, स्टोव्हचं काहीतरी बिघडलंय बघ.

एकोणीस दिवस दवाखान्यात होता. आता घरी आहे, म्हणजे घरी नाही, ते पण सांगते. भुवया गेल्या, मिशी एका बाजूची गेली, आणि बोटं वाकत नाहीत. अर्ध्या गावाला गाठी मारायला त्यानेच शिकवलं, आणि आता त्याच्या सदऱ्याची बटणं मी लावते. न्हावी भेटायला आला होता, म्हणाला, गॅसने माझं गिऱ्हाईक पळवलं. मामा म्हणाला, अर्धी मिशी ठेवलीय ना तुझ्यासाठी, अर्ध्या वेळात करून दे. हसले दोघं. मी चहा टाकायला उठले आणि मग आठवलं की चहा टाकायचा कशावर. आमच्या आळीत काडी ओढायला बंदी आहे, आणि आता जिथे ठेवलंय तिथे चूलच नाही.

बंदी त्या मोजणीवालीने घातली. सरकारी आहे, तुझ्याहून लहान असेल, पायात गमबूट. तिच्या गळ्यात एक डबी असते. गॅस असला की ती डबी चिवचिवते, नसला की गप्प. स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी ती आली. अंगणात डबी गप्प होती. ओट्यावर गप्प. मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर डबी खाली धरली आणि ती अशी ओरडायला लागली की मांजर पळालं ते चार दिवस आलं नाही. खोलीत फरशीला तुझ्या पलंगाच्या जागी भेग आहे, तिच्यातून येतो. म्हणाली, सगळे बाहेर व्हा, काही घेऊ नका, बाहेर व्हा. मी म्हटलं, अगं माझे मासे धुरावर आहेत. ती म्हणाली, आजी, तुम्ही इतकी वर्षं उडाला कशा नाहीत तेच मला कळत नाही. मी म्हटलं, धुराची खोली उंचावर आहे आणि चहूबाजूंनी उघडी आहे, तुझ्या डबीला विचार. पण तिने विस्तव विझवला. स्वतः बादलीने पाणी ओतलं. तुझ्या बाबांबरोबर मी या घरात आले तेव्हापासून तो विस्तव पूर्ण असा कधी विझला नव्हता, ते गेले त्या दिवशीही नाही. आता तिथे ओली राख आहे. मासे आम्ही पुरले.

आणि हे सगळं सात नंबरचं. तू तिथेच खेळलीस, तुला वेगळं काय सांगायचं, पण जावयांना वाचून दाखवशील म्हणून लिहिते. आपल्या मागच्या भिंतीपासून तीस पावलांवर चिखलात जो गंजका पाइप उभा आहे तो. तुझ्या आजीच्या काळात कंपनीने गॅससाठी नऊ विहिरी खणल्या, त्यातली सातवी. गॅस संपला म्हणाले, तोंडावर सिमेंटचं बूच मारलं आणि गेले. कंपनी आता आहे की बुडाली ते कोणाला माहीत नाही. आम्ही पाइपाला होड्या बांधल्या, कपडे वाळत घातले. तू पहिली गाठ त्याच्यावरच मारलीस आणि मग ती सुटेना म्हणून रडलीस. ओहोटीला त्याच्याभोवती बुडबुडे यायचे. आपण म्हणायचो खेकडे श्वास घेताहेत. किती शहाणे आपण. मोजणीवाली म्हणते, बूच वर होतं पण पाइपाच्या बाहेरून, मातीतून, गॅस वाट काढतोय, कित्येक वर्षं. घरातल्या सगळ्यांची डोकी दुखायची आणि आपण उन्हाला शिव्या द्यायचो.

आता त्या स्टुलाचं लिहिते. मला वाटलं होतं ते टाळता येईल. नाही येत.

जावयांना सांग, आमच्या धक्क्यावर लिलावाच्या छपराखाली एक लाकडी स्टूल आहे. त्यावर आधी तुझी आजी बसायची, मग मी. विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं जुंपलं, हा म्हणतो मासा आजचा, तो म्हणतो कालचा, की पाटी उचलून स्टुलापाशी आणायची. बसलेलीने एकदा वास घ्यायचा. आजचा म्हटलं तर आजचा, कालचा म्हटलं तर कालचा, पुढे कोणी हूं का चूं करायचं नाही. माझ्या धुरावरचे मासेसुद्धा लोक त्यासाठीच न्यायचे. तिच्या हाताखालून गेलंय म्हणजे बघायला नको, असं व्यापारी म्हणायचे. मला चौथीच्या पुढे काही आलं नाही, हे एक आलं.

ते सहा वर्षांपूर्वी गेलं. तापाने. तुला तो ताप आठवेल, तू कामावर होतीस, पाच दिवस मामाने मला पेज पाजली. सहाव्या दिवशी उठले, धुराच्या खोलीत गेले आणि वाटलं विस्तव विझलाय. विझला नव्हता. समोर धूर दिसत होता आणि नाकात काही नव्हतं. मासे नाहीत, लाकूड नाही, माझ्या अंगाचा घामसुद्धा नाही. म्हटलं येईल परत, सर्दीसारखं. नाही आलं. पहिल्या आठवड्यात एक आख्खा घाणा जाळला आणि लाकूड ओलं होतं म्हणून सांगितलं. मग हळूहळू दुसऱ्या खुणा लावल्या. कल्ले बघायचे, डोळा बघायचा, पोटावर अंगठा दाबून तो किती वेळात वर येतो ते बघायचं. आणि तोंड मात्र वास घेतल्यासारखं करायचं. शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर यायचं. कोणाला काही सांगितलं नाही. सांगून काय, आणि मग स्टुलावर बसायचं कोणी? तुलाही नाही सांगितलं. तू विचारशील का नाही सांगितलंस. तुझे बाबा गेल्यानंतर ते स्टूल आणि तो विस्तव एवढंच माझं होतं, म्हणून.

मामाने मात्र पकडलं. त्याला संशय आला म्हणून त्या नालायकाने माझ्या स्टुलाखाली एक सडका बांगडा बांधून ठेवला. तीन दिवस मी त्यावर बसून लोकांचे निवाडे करत होते. लोक नाकाला फडकं लावून येत होते आणि मी म्हणतेय काय रे, सगळ्यांना एकदम पडसं कसं झालं. तिसऱ्या दिवशी तो घरी आला, दार लावलं, हसून हसून खाली बसला आणि मग एकदम रडला. त्यानंतर आमचं ठरलं. लिलावाच्या वेळी तो माझ्या मागे खांबाला टेकून उभा राहणार. पाटी चांगली असेल तर एकदा खोकायचं, खराब असेल तर दोनदा. सहा वर्षं हे चाललं. लोक त्याला म्हणायचे, अरे छाती तपासून घे एकदा. गेल्या वर्षापासून त्याचाही खोकला चुकायला लागला होता, चांगल्या पाटीला दोन, खराबला एक. मी म्हटलं, म्हातारा झालास. आता कळतंय, तो रोज त्या मागच्या खोलीत बसत होता.

आता सभेचं. तुला तोंडपाठ असेल, पण माझ्या बाजूने तू कधी ऐकलेलं नाहीस. तुला सातवा महिना होता. बाळंतपणाला आली होतीस, मागची खोली तुला दिली होती. दुसऱ्या दिवसापासून तुझं सुरू झालं, आई, पलंगाखाली अंडं सडल्यासारखा वास येतोय. मी फरशी साबणाने धुतली. पुन्हा तेच. चुना टाकला. पुन्हा तेच. तू ओट्यावर बाकावर झोपायला लागलीस आणि मी चिडले, लोक काय म्हणतील, पोटुशी पोर उघड्यावर झोपवलीय. तेवढ्यात तो अधिकारी यादी घेऊन आला. नऊच्या नऊ विहिरी आत्ता बुजवता येणार नाहीत, जिथे त्रास आहे त्या आधी, असं म्हणाला. छपराखाली सगळे जमले. यादीत प्रत्येक नंबरापुढे एक रकाना होता, वास येतो की नाही. तीनला लोक हो म्हणाले, पाचला हो म्हणाले, ती दोन्ही गावाच्या पार पलीकडे. सातचं नाव घेतलं आणि कोणी बोलेना. सात धक्क्याला लागून आहे. सातला वास येतो म्हटलं की उद्यापासून आपल्या माशाला वास येतो. दोन व्यापारी खांबाशी उभे राहून ऐकतच होते.

तेव्हा तू उठलीस. कमरेवर एक हात ठेवून, सावकाश. म्हणालीस, येतो. आमच्या मागच्या खोलीत येतो, माझं डोकं दुखतं, उलट्या होतात. अधिकारी लिहायला लागला. तर होडीवाल्यांचा तो म्होरक्या म्हणाला, साहेब, थांबा, आमच्याकडे यासाठी माणूस आहे, आणि माझ्याकडे बोट दाखवलं. सगळे माना डोलवायला लागले. वीसेक माणसं आपल्या घरी आली, अंगणात उभी राहिली. तू म्हणालीस, आई, आत जा, एकदा नीट श्वास घे, मग काय ते सांग. मी आत गेले. तुझ्या पलंगापाशी उभी राहिले. मोठा श्वास घेतला, सगळ्यांना दिसेल असा. बाहेर आले आणि म्हटलं, काही नाही. चिखलाचा आहे जरासा. मग ते पुढचं म्हटलं. पोरीला दिवस गेलेत, तिला तर नवऱ्याचाही वास सहन होत नाही. सगळे हसले. अधिकारीही हसला, आणि रकान्यात नाही लिहिलं. तू हसली नाहीस. दुसऱ्या दिवशी तू पेटी भरलीस आणि जावयांना बोलावून घेतलंस. जाताना एवढंच म्हणालीस, आई, तू मुद्दाम केलंस. मी तुला उलट काही बोलले नाही. तुला वाटलं मला वास आला आणि मी लपवला. तेच वाटू दिलं. नाक गेलंय हे कळण्यापेक्षा ते बरं, असं मला वाटलं. बघ आता, कसलं बरं.

तीन आणि पाच बुजवल्या. सात यादीतून गेली.

परवा बर्फवाला भेटला शाळेत. आमच्या आळीतली अकरा घरं बाहेर काढलीत ना, सगळे शाळेच्या वर्गांत आहेत. मी आणि मामा दुसरीच्या वर्गात. भिंतीवर फळांची चित्रं आहेत, मामा सकाळी उठून ती मोठ्याने वाचतो. तर बर्फवाला म्हणाला, मावशी, खरं सांगू का, वास आम्हालाही यायचा. पण तुम्ही नाही म्हणालात, म्हटलं मग नसेल. मी म्हटलं, मग तेव्हा तोंड का शिवलं होतंस? तो म्हणाला, तुमच्यापुढे कोण बोलणार. असे चार जण सांगून गेलेत आता. प्रत्येकाला येत होता. मी एकटी अशी होते जिला येत नव्हता, आणि मलाच विचारलं.

मोजणीवाली चांगली पोर आहे. मागच्या शुक्रवारी माझ्याकडे आली, बाकावर बसली. ती पोरांची बाकं, तिचे गुडघे कानापर्यंत आले. म्हणाली, आजी, जुन्या यादीत सातपुढे नाही लिहिलंय आणि कारण म्हणून तुमचं नाव आहे. हे असं का झालं ते मला लिहून द्यावं लागेल, म्हणजे सात पुन्हा यादीत घेता येईल. मग तिनेच समजावलं की हा गॅस आधी नाकच मारतो. पहिल्यांदा वास येतो, मग येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं गेला. तुमचंही तसंच झालं असणार, तुमची काही चूक नाही. कागद तयार करूनच आणला होता, खाली सहीची जागा. मामाने ऐकलं आणि म्हणाला, ताई, करून टाक सही, खरंच तर आहे. त्याचं खरं आहे. त्याचं नाक गॅसनेच मारलं. माझं नाही. माझं त्या सभेच्या साडेतीन वर्षं आधीच गेलं होतं, आणि हे जगात दोघांनाच ठाऊक आहे.

चार दिवस तो कागद माझ्या उशाखाली आहे. खोटं सांगत नाही, सही करायला दोनदा पेन घेतलं. सगळ्यांचंच सोयीचं आहे. गावाचं, सरकारचं. तुझंही, तू म्हणशील बिचारी आई, गॅसने केलं, आणि माफ करून टाकशील. असली फुकटची माफी घेऊन मी काय करू? सोमवारी त्याच छपराखाली पुन्हा सभा आहे. मी तिथे उभी राहून सांगणार आहे की नाक तापाने गेलं आणि मी सहा वर्षं स्टुलावर नुसती बसले. व्यापारी असतील, म्होरक्या असेल, आख्खं गाव असेल. कोणी काही बोललं तर बोलू दे, माझ्याजवळ आता विझायला काही उरलेलं नाही. मोजणीवालीला विचारून ठेवलंय, मी काहीही सांगितलं तरी सात बुजवणार ना. ती म्हणाली, आता डबी ओरडतेय आजी, आता माणसांचं कोण विचारतंय. चार-पाच महिने लागतील म्हणाली.

तोवर तू थोरलीकडे जा. तिच्याशी मी बोलले आहे, तिने पुढची खोली रिकामी केलीय, तुझ्यावर उपकार करते असं तोंड करेल ते मनावर घेऊ नकोस, ती लहानपणापासून तशीच आहे. छकुलीचा फोटो मामाच्या फोनवर रोज बघते. नाक माझ्यासारखं आहे असं न्हावी म्हणाला. मी त्याला म्हटलं, चांगलं बोल.

आता शेवटचं, आणि हे पत्र खरं तर यासाठी आहे, बाकी सगळं सोमवारनंतर तुला कोणीही सांगितलं असतं. हे सोमवारी मीही सांगणार आहे, पण ते तुला आधी माझ्याकडून कळायला हवं. त्या दिवशी मी तुझ्या पलंगापाशी उभी होते तेव्हा मामा खिडकीबाहेर होता. दोनदा खोकला. मी ऐकलं. त्याला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून थांबून परत दोनदा खोकला. तेही ऐकलं. म्हणजे नाक नव्हतं हे खरं, पण मला माहीत होतं. त्यानंतर मी बाहेर आले आणि काही नाही म्हटलं. मामाने आजवर त्याचा एक शब्द काढलेला नाही, हात भाजल्यावरसुद्धा नाही. आता दुसरीच्या वर्गात शेजारच्या गादीवर तो खोकतो, खरंच छातीतून येतो आता, आणि मी मोजत पडते. सात बुजवली की मोजणीवाली डबी घेऊन येईल आणि सगळं ठीक आहे म्हणेल. तरी मी त्या घरात पाय ठेवणार नाही. तू ये, उंबऱ्यावर उभी राहा, श्वास घे आणि सांग. तू वास येतो म्हणालीस तर येतो, मग डबी काही का म्हणेना. खोकला ऐकूनही मी नाही का म्हटलं, ते मात्र विचारू नकोस. फोनवर विचारू नकोस, आलीस तेव्हाही विचारू नकोस. ते मी सांगणार नाही.

तुझीच,
आई